सेरोटोनिन, जनुकभेद आणि प्रकृतिविचार

‘माझ्या मेंदूत सेरोटोनिन कमी झाले आहे,’ असे स्वतःचे निदान स्वतःच करून येणारा रुग्ण आज तालुक्याच्या गावातील चिकित्सालयातही भेटतो. त्याचे पुढचे वाक्यही बहुधा ठरलेले असते : ‘आईलाही हाच त्रास होता, म्हणजे हे आमच्या रक्तातच आहे.’ पहिल्या वाक्यात दोष एका रसायनाकडे जातो, दुसऱ्यात आनुवंशिकतेकडे. आणि या दोन वाक्यांच्या मध्ये रुग्णाने बरे होण्याची आशा सोडलेली असते. त्याला वैद्याने काय सांगावे, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आपल्या उत्तरावर त्याचे औषध घेणे, पथ्य सांभाळणे आणि काही वेळा त्याचे जगणेही अवलंबून असते.

दुसरीकडे, आपल्या क्षेत्रातही एक मोह वाढताना दिसतो. आधुनिक विज्ञानात एखादे जनुक सापडले, की त्याला लगेच वात, पित्त किंवा कफ यांपैकी एका खणात बसवायचे आणि ‘हे आमच्याकडे पूर्वीच सांगितले आहे’ म्हणून समाधान मानायचे. सेरोटोनिनशी संबंधित जनुकांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास असा मोह किती महागात पडतो हे दाखवणारा आहे. म्हणून तो वैद्यवर्गाने मुळापासून समजून घेणे उपयुक्त ठरेल.

सेरोटोनिनचा परिचय आणि सर्पगंधेचे ऋण

सेरोटोनिन हे ट्रिप्टोफॅन या अमायनो आम्लापासून शरीरात तयार होणारे संवाहक रसायन आहे. इटलीतील एर्स्पामेर यांनी १९३० च्या दशकात आतड्याच्या अस्तरात एक आकुंचनकारक द्रव्य ओळखले होते. १९४८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्तद्रवातून रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य वेगळे केले. ही दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे पुढे सिद्ध झाले. मेंदूतील त्याचे अस्तित्व दाखवले ते बेटी ट्वारोग यांनी, १९५० च्या दशकाच्या प्रारंभी.

शरीरातील सुमारे ९० टक्के किंवा त्याहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असते. रक्तातील चक्रिका ते तेथून उचलून वाहून नेतात. मेंदूचा वाटा त्या मानाने अत्यल्प असून तो मेंदूच्या देठातील राफे नावाच्या केंद्रसमूहातील काही लाख चेतापेशी तयार करतात. परंतु या मोजक्या पेशींच्या शाखा जवळजवळ संपूर्ण मेंदूभर पसरलेल्या असतात. निद्रा, क्षुधा, वेदना, भय, धीर आणि आवेगावरील नियंत्रण अशा अनेक व्यापारांवर त्यांचा प्रभाव पडतो. रक्तातील सेरोटोनिन मेंदूच्या संरक्षक पडद्यातून आत जाऊ शकत नाही. सबब, रक्ताची तपासणी करून ‘मेंदूतील सेरोटोनिन’ मोजता येत नाही, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी.

मेंदूतील सेरोटोनिन आणि मनाची अवस्था यांचा संबंध जोडला जाण्यामागे आपल्या सर्पगंधेचा मोठा वाटा आहे. १९३१ मध्ये कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाबाधिक्य या दोहोंवरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयी लिहिले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि या वनस्पतीकडे पाश्चात्त्य जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी, प्लेचर आणि शोअर यांनी दाखवून दिले, की रिसर्पिन दिल्यावर मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो.

रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत विषाद उत्पन्न झाल्याच्या नोंदी त्याच काळात येऊ लागल्या. त्यावरून ‘सेरोटोनिन आणि तत्सम रसायने घटली की विषाद होतो’ अशी कल्पना उभी राहिली. पुढे या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या असता हा संबंध समजला जात होता तितका भक्कम नसल्याचे दिसले. तोपर्यंत मात्र कल्पना रूढ झाली होती. आनुवंशिकतेचे संशोधक याच कल्पनेचे बोट धरून पुढे निघाले.

जनुकभेदाचा परिणाम कोठे होऊ शकतो?

सेरोटोनिनचा प्रवास चार टप्प्यांत पाहता येतो : निर्मिती, साठवण व स्राव, ग्राहक-स्थानांवरील क्रिया, आणि कार्य झाल्यावर पुनर्ग्रहण किंवा विघटन. यांतील प्रत्येक टप्प्यावर एखादे प्रथिन काम करीत असते आणि प्रत्येक प्रथिनाचा आराखडा एखाद्या जनुकात असतो. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर व्यक्तिपरत्वे भेद संभवतो.

निर्मितीचा टप्पा ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमवर अवलंबून आहे. हे एन्झाइम एकच आहे असे दीर्घकाळ मानले जाई. २००३ मध्ये असे आढळले, की त्याची दोन जनुके आहेत. एक मुख्यतः आतड्यासाठी आणि दुसरे, टीपीएच-२, मुख्यतः मेंदूसाठी. २००४ मध्ये प्रयोगशाळेतील उंदरांच्या दोन जातींची तुलना झाली. टीपीएच-२ मधील एका अक्षराच्या फरकाने प्रथिनातील एक अमायनो आम्ल बदलते आणि त्या जातीच्या मेंदूतील सेरोटोनिनची निर्मिती लक्षणीयरीत्या घटते, असे त्यात दिसले. मनुष्यात याच जनुकात विषादाशी जोडलेला एक दुर्मीळ बदल २००५ मध्ये जाहीर झाला. परंतु इतर संशोधकांना आपल्या रुग्णांत तो आढळला नाही.

विघटनाच्या टप्प्यावर मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए हे एन्झाइम आहे. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. १९९३ मध्ये नेदरलँड्समधील हान ब्रुनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कुटुंबातील काही पुरुषांत बुद्धिमांद्याबरोबर आकस्मिक आक्रमक वर्तन आढळत होते. त्यांच्यात या जनुकातील एकाच अक्षराच्या बदलामुळे एन्झाइम तयार होण्याची प्रक्रिया अर्ध्यावरच थांबत होती. एका जनुकाच्या बिघाडाचा वर्तनावर थेट परिणाम होतो याचे हे खरे उदाहरण आहे. पण ते अतिशय विरळ आहे. अशी कुटुंबे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडली आहेत. एन्झाइम पूर्ण नष्ट होणे आणि त्याचे प्रमाण थोडे कमी-अधिक असणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पुढील सर्व घोटाळा हा भेद विसरल्यामुळे झाला.

एका जनुकाची कीर्ती

पुनर्ग्रहणाचे काम सेरोटोनिन-वाहक प्रथिन करते. दोन चेतापेशींमधील फटीत सोडलेले सेरोटोनिन ते पुन्हा पेशीत ओढून घेते. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्रॅम ही आपल्या रुग्णांच्या चिठ्ठ्यांवर नेहमी दिसणारी औषधे याच प्रथिनाला अडवतात. त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. जनुकाच्या आरंभी, ते किती प्रमाणात चालावे हे ठरवणारा जो भाग असतो, त्यात सुमारे ४४ अक्षरांचा एक तुकडा काहींमध्ये असतो, काहींमध्ये नसतो. त्यावरून ‘लांब’ आणि ‘आखूड’ असे दोन प्रकार मानले गेले. प्रत्येकाला एक प्रत मातेकडून आणि एक पित्याकडून मिळत असल्याने लांब-लांब, लांब-आखूड आणि आखूड-आखूड अशा तीन जोड्या होतात. आखूड प्रकारात वाहक प्रथिन कमी तयार होते, असे पेशींवरील प्रयोगांत आढळले.

१९९६ मध्ये लेश आणि सहकाऱ्यांनी ५०५ व्यक्तींचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. आखूड प्रकार असणाऱ्यांचा स्वभाव किंचित अधिक चिंताशील आढळला. ‘किंचित’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण स्वभावातील एकूण फरकापैकी केवळ ३ ते ४ टक्के फरकच या जनुकभेदाच्या खात्यावर मांडता येत होता आणि ही गोष्ट लेखकांनी स्वतःच नोंदवली होती. २००२ मध्ये हरीरी आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले, की भयभीत चेहरे पाहताना आखूड प्रकार असणाऱ्यांच्या मेंदूतील भयकेंद्र अधिक उद्दीपित होते.

२००३ मध्ये या जनुकाला खरी प्रसिद्धी मिळाली. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा अभ्यास तेथे जन्मापासून सुरू होता. त्यांतील ८४७ जणांची माहिती कास्पी, मॉफिट आणि सहकाऱ्यांनी तपासली. वयाच्या २१ ते २६ या काळात बेकारी, आजार, घर सुटणे, नाते तुटणे असे आघात ज्यांनी सोसले, त्यांच्यापैकी आखूड प्रकार असणाऱ्यांना विषाद अधिक झाला आणि लांब-लांब जोडी असणारे त्या मानाने सुरक्षित राहिले, असा निष्कर्ष निघाला. केवळ जनुक नव्हे, केवळ परिस्थितीही नव्हे, तर दोहोंचा संयोग रोग घडवतो, हा विचार मनाला पटणारा होता. आयुर्वेदाच्या अभ्यासकाला तर तो आपल्या घरचाच वाटावा. शेकडो शोधनिबंध त्याच्या आधारे लिहिले गेले. ‘विषादाचे जनुक’ हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचला आणि परदेशात खासगी प्रयोगशाळांनी त्याची तपासणी विकावयास सुरुवात केली.

पडताळणीत काय उरले?

शास्त्रात पटणारा विचार आणि सिद्ध झालेला विचार यांत अंतर असते. २००९ मध्ये रिश आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांतील १४,२५० व्यक्तींची माहिती एकत्र करून तपासली. आखूड प्रकाराचा विषादाशी संबंध दिसला नाही. आखूड प्रकार आणि आघात यांच्या संयोगाचाही दिसला नाही. मात्र आयुष्यातील आघातांचा स्वतःचा परिणाम स्पष्ट होता. त्याचे शक्यता-गुणोत्तर १.४१ आले, तर जनुकाचे १.०५, म्हणजे जवळजवळ शून्य परिणाम दर्शवणारे. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, वेगळ्या पद्धतीने अधिक अभ्यास घेऊन केलेल्या दुसऱ्या विश्लेषणाने संयोगाच्या बाजूने कौल दिला आणि वाद चिघळला. शेवटी अनेक गटांनी एकत्र येऊन, विश्लेषणाची पद्धत आधीच जाहीर करून, ३१ संचांतील ३८,८०२ व्यक्तींची माहिती तपासली. २०१८ च्या या अहवालातही संयोगाचा ठोस पुरावा मिळाला नाही.

२०१९ मध्ये बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी प्रश्न आणखी विस्तारला. विषादाशी जोडल्या गेलेल्या १८ प्रसिद्ध जनुकांची त्यांनी, काही चाचण्यांत ४ लाख ४३ हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर, छाननी केली. ही जनुके चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या इतर जनुकांपेक्षा विषादाशी अधिक निगडित ठरली नाहीत. सेरोटोनिन-वाहकाचे जनुक त्यांत अग्रभागी होते.

लोकसमूहांची तुलना केली तरी हेच दिसते. युरोपीय समाजात आखूड प्रकाराचे प्रमाण सर्व प्रतींच्या साधारण दोन-पंचमांश, तर जपान व चीनमध्ये ते तीन-चतुर्थांशाच्या आसपास आहे. एवढ्यावरून विषाद ठरत असता, तर पूर्व आशियात त्याचे प्रमाण कितीतरी अधिक नोंदले गेले असते. प्रत्यक्षात तेथील नोंदी युरोप-अमेरिकेपेक्षा कमीच आहेत.

मग आनुवंशिकता नाहीच का? आहे, आणि ती मोठी आहे. जुळ्यांच्या अभ्यासांचे २००० मध्ये जे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात विषादातील आनुवंशिक वाटा सुमारे ३७ टक्के आला. पण तो एका जनुकाचा नाही. २०२५ च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ६ लाख ८८ हजारांहून अधिक रुग्णांची तुलना लाखो निरोगी व्यक्तींशी करण्यात आली आणि ६९७ जनुकभेद विषादाशी निगडित आढळले. यांतील प्रत्येकाचा वाटा अगदी सूक्ष्म आहे. एखाद्या मोठ्या धरणात शेकडो ओढ्यांचे पाणी येते. त्यांतील एका ओढ्याला धरणाचे नाव देता येत नाही, तसेच हे आहे.

रसायनाच्या बाजूनेही हेच घडले. २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन, विषादात सेरोटोनिन कमी असते याचा सुसंगत पुरावा नसल्याचे मत मांडले. त्यांच्या पद्धतीवर इतर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आणि हा वाद चालूच आहे. परंतु एक गोष्ट पूर्वीपासून माहीत होती : वाहक प्रथिनाला अडवणारे औषध काही तासांतच आपले रासायनिक काम करते, रुग्णाला मात्र ठळक उपशय मिळण्यास काही आठवडे लागतात. म्हणजे ‘उणे होते ते भरले आणि रोग गेला’ इतका हा व्यवहार सरळ नाही. अर्थात, याचा अर्थ ही औषधे निरुपयोगी आहेत असा होत नाही. ताप उतरवणारे औषध शरीरात नसते म्हणून ताप येतो असे कोणी म्हणत नाही. तरीही ते औषध ताप उतरवते.

निश्चित परिणाम यकृतात आहे

मनावरील जनुकभेदाचा परिणाम असा धूसर असताना, सेरोटोनिनवर कार्य करणाऱ्या औषधांवरील जनुकभेदाचा परिणाम मात्र स्पष्ट आणि मोजता येण्याजोगा आहे. त्याचे स्थान मेंदूत नसून यकृतात आहे.

एसिटालोप्रॅम, सिटालोप्रॅम आणि काही अंशी सर्ट्रालिन यांचे पचन यकृतातील सीवायपी-२सी-१९ हे एन्झाइम करते. पॅरोक्सेटिनचे सीवायपी-२डी-६ करते. दहाव्या गुणसूत्रावरील सीवायपी-२सी-१९ च्या जनुकाचे काही प्रकार निष्क्रिय एन्झाइम घडवतात. दोन्ही प्रती निष्क्रिय असलेल्या व्यक्तीत औषध शरीरात साचते आणि नेहमीची मात्राही तिला अतिमात्रा ठरते. याउलट काहींमध्ये एन्झाइम अतिवेगाने काम करते आणि तीच मात्रा अपुरी पडते. दोन्ही प्रती निष्क्रिय असणारे युरोपीय लोकांत शंभरात दोन-तीन आढळतात. भारतीयांत हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास आहे. सिटालोप्रॅम साचल्यास हृदयाच्या विद्युत-आलेखात दोष उत्पन्न होऊ शकतो. म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने अशा व्यक्तींसाठी कमाल मात्रा दिवसाला २० मिलिग्रॅम इतकी मर्यादित केली आहे.

२०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने या औषधांच्या जनुकनिष्ठ मात्रेविषयी सुधारित मार्गदर्शन प्रसिद्ध केले. यकृतातील एन्झाइमांच्या जनुकांवरून मात्रा कशी बदलावी, हे त्यात सांगितले आहे. सेरोटोनिन-वाहकाच्या आणि एका ग्राहक-स्थानाच्या जनुकाबाबत मात्र, चिकित्सेत वापरण्याइतका पुरावा नाही असे स्पष्ट म्हटले आहे. तीस वर्षांच्या संशोधनाचे सार या एका भेदात आले आहे.

प्रकृतिविचाराशी नाते

येथे आयुर्वेदाच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा. ‘आखूड जनुक म्हणजे वातप्रकृती’ किंवा ‘आखूड जनुक म्हणजे अवर सत्त्व’ असे समीकरण ज्यांनी मांडले असते, त्यांचे शास्त्र त्या जनुकाबरोबरच कोसळले असते. वस्तुतः चरकाचार्यांचा विचार अशा समीकरणाला मुळातच अनुकूल नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात प्रकृती ठरवणाऱ्या भावांत शुक्रशोणिताबरोबरच काल व गर्भाशय, मातेचा आहारविहार आणि महाभूतविकार यांची गणना आहे. बीज हे त्यांतील एक आहे, एकमेव नव्हे. शारीरस्थानात बीज, बीजभाग आणि बीजभागावयव अशी सूक्ष्म उतरंड सांगून ज्या अवयवाचा बीजभाग दूषित तोच अवयव विकृत होतो असे म्हटले आहे. ब्रुनर यांनी वर्णिलेल्या कुटुंबासारखे विरळ विकार या चौकटीत ठेवून पाहता येतात. सर्वसामान्य विषाद मात्र असा बीजदोष नाही. त्यात बीजाचा वाटा आहे. पण आहार, निद्रा, शोक, दीर्घ व्याधी, प्रज्ञापराध आणि सत्त्वबल यांचाही तितकाच विचार करावा लागतो.

सत्त्वाचे प्रवर, मध्यम आणि अवर असे जे तीन स्तर सांगितले आहेत, ते रुग्णाची परीक्षा करून ठरवायचे आहेत, थुंकीचा नमुना पाठवून नव्हे. मध्यम सत्त्वाचा रुग्ण इतरांच्या आधाराने सावरतो, या निरीक्षणाचे मोल कोणत्याही जनुकपरीक्षेने कमी होत नाही. आघात सोसलेल्या माणसाला विषादाचा धोका अधिक, हे वरील सर्व विश्लेषणांत टिकून राहिलेले सत्य याच दिशेचे आहे.

प्रकृती आणि जनुके यांचा संबंध शोधणारे काम आपल्याकडे गांभीर्याने सुरू आहे. पुण्यातील योगिता घोडके, कल्पना जोशी आणि भूषण पटवर्धन यांनी १३२ निरोगी व्यक्तींमध्ये सीवायपी-२सी-१९ चा अभ्यास करून २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. मंद एन्झाइम असणाऱ्यांचे प्रमाण कफप्रकृतीत ३१ टक्के, वातप्रकृतीत १२ टक्के आणि पित्तप्रकृतीत ९.५ टक्के आढळले. कफप्रकृतीत मंदाग्नी आणि पित्तप्रकृतीत तीक्ष्णाग्नी, या शास्त्रवचनाशी हे जुळणारे आहे आणि एसिटालोप्रॅमचे पचन करणारे एन्झाइम नेमके हेच आहे. २०१५ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या पुढाकाराने २६२ पुरुषांच्या संपूर्ण जनुकसंचाची छाननी झाली. प्रकृतिभेदांशी निगडित ५२ स्थाने त्यात पुढे आली आणि शर्करेच्या चयापचयातील पीजीएम-१ या जनुकाचा संबंध पित्तप्रकृतीशी दिसला.

हे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. पण ५०५ व्यक्तींवर उभा राहिलेला सिद्धान्त लाखो व्यक्तींच्या पडताळणीत कसा विरला, हे आपण नुकतेच पाहिले. १३२ आणि २६२ या संख्या त्याहूनही लहान आहेत. आपल्या बाजूचा निष्कर्ष आहे म्हणून त्याला सौम्य कसोटी लावणे शास्त्राला शोभणारे नाही. वेगवेगळ्या प्रांतांत, वेगवेगळ्या वैद्यांनी, एकमेकांना न विचारता केलेल्या प्रकृतिपरीक्षणावर हे अभ्यास पुन्हा व्हावयास हवेत. महाराष्ट्रातील पदव्युत्तर महाविद्यालयांना यात फार मोठे काम करता येईल.

चिकित्सकासाठी

या विवेचनातून दैनंदिन व्यवहारासाठी काही गोष्टी निष्पन्न होतात.

१. विषादाच्या रुग्णाचे कुलवृत्त अवश्य घ्यावे. जवळच्या रक्ताच्या नात्यात हा विकार असल्यास शक्यता सुमारे दोन ते तीन पट वाढते. परंतु हा आकडा भवितव्य म्हणून सांगू नये. आईला त्रास होता याचा अर्थ आपण लवकर सावध व्हावे, एवढाच आहे. अशा घरातील बहुसंख्य मुलांना हा विकार होतही नाही, हे रुग्णाला आवर्जून सांगावे.

२. कुलवृत्त घेताना औषधाचा अनुभवही विचारावा. ‘भावाला त्या गोळीच्या निम्म्या मात्रेनेही फार गुंगी आली,’ ही माहिती मंद एन्झाइमची सूचक असू शकते. ती मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवावी. मात्रेतील बदल त्यांनीच करावा.

३. रुग्ण सेरोटोनिनवर कार्य करणारी औषधे घेत असल्यास ती अकस्मात बंद करावयास सांगू नये. चक्कर, चिडचिड, निद्रानाश, अंगात विजेसारखे झटके अशी लक्षणे उद्भवतात आणि मूळ व्याधीही उलटू शकते.

४. विषादाचा वर्तमान किंवा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास सर्पगंधा देऊ नये. जुन्या नोंदींबद्दल मतभेद असले, तरी मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता करणारे द्रव्य अशा रुग्णावर योजण्याचे कारण नाही. रक्तदाबासाठी इतर उपाय उपलब्ध आहेत.

५. ब्राह्मीच्या प्रमाणित अर्काने सीवायपी-२सी-१९ या एन्झाइमचे कार्य मंदावते, असे प्रयोगशाळेतील परीक्षणात आढळले आहे. काचनलिकेतील हा परिणाम रुग्णात तसाच होईल असे नाही. तरीही एसिटालोप्रॅमसारखे औषध चालू असताना ब्राह्मीचा तीव्र अर्क मोठ्या मात्रेत योजू नये. अल्प मात्रेने आरंभ करून रुग्णावर लक्ष ठेवावे आणि दोन्ही चिकित्सकांना परस्परांच्या औषधांची माहिती असावी.

६. रक्तातील सेरोटोनिनची किंवा ‘विषादाच्या जनुका’ची तपासणी या रुग्णांत करावयास सांगू नये. पहिलीतून मेंदूची माहिती मिळत नाही, दुसरीतून निदान होत नाही. खर्च मात्र दोहोंचा होतो.

७. जगणे नकोसे झाल्याची भावना आहे का, हे प्रत्येक विषादग्रस्ताला सरळ शब्दांत विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी असल्यास नातेवाइकांना विश्वासात घेऊन त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे.

८. सत्त्वावजय, निद्रेचे नियमन, अग्निरक्षण आणि सद्वृत्त यांची योजना जनुकाचे नाव माहीत नसतानाही करता येते. ज्या शेकडो सूक्ष्म कारणांच्या संयोगातून हा विकार उभा राहतो, त्यांतील वैद्याच्या हाती येणारी कारणे बहुतांशी याच प्रांतातील आहेत.

चरकाचार्यांनी रोग वाढवणाऱ्या भावांत विषादाला अग्रस्थान दिले आहे. आपल्या रक्तातच दोष आहे अशी समजूत हेही विषादाचे एक कारण असते. ती दूर करणे हा चिकित्सेचा पहिला भाग मानावा, आणि त्यासाठी लागणारे शास्त्र आज आपल्या हाती आहे.